न बदलणाऱ्या भिंगाचा कॅमेरा

बाजाराचा सामान्य नियम असा कीं, ज्या वस्तूंत सोयी अधिक तिला मोल अधिक. कॅमेऱ्यांच्या बाजारांत मात्र गेलीं पंधरा वर्षें या नियमास न जुमानणारी एक जात सुखानें नांदत आहे. या जातीच्या कॅमेऱ्याचें भिंग बदलतां येत नाहीं. दूरची वस्तु जवळ ओढून आणण्याची शक्ति त्या भिंगांत नसते. आणि बाह्य स्वरूप पाहावें तर तें १९६० च्या सुमारास एखाद्या हौशी गृहस्थाच्या गळ्यांत दिसणाऱ्या कॅमेऱ्याचें. असें असून त्याची किंमत भिंगें बदलतां येणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांहून जास्त, आणि ती देण्यास सिद्ध असलेल्या लोकांनाही महिनेच्या महिने वाट पाहावी लागलेली आहे. हा केवळ धनिकांचा छंद असता तर आम्ही त्याकडे लक्ष दिलें नसतें. परंतु अलीकडे मध्यम स्थितींतील सुशिक्षित कुटुंबांतले मुलगे व मुली पहिल्या पगाराच्या शिलकेंतून हें यंत्र घेऊं पाहतात, घरांतील वडील माणसांचा सल्ला विचारतात, निदान विचारल्यासारखें करतात, आणि वडील माणसांना त्यांतलें कांहींच ठाऊक नसतें. आमच्या धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं असा एक कॅमेरा आमच्या वाईच्या घरीं आणल्यास आतां दीड वर्ष झालें. तो आम्हीं पुष्कळ हाताळला आहे, आणि त्यावरून घरांत झालेले वादही पुष्कळ ऐकले आहेत.

प्रथम शब्दांचा उलगडा केला पाहिजे. येथें भिंग म्हणजे एकच कांच नव्हे. ज्या कॅमेऱ्याविषयीं आम्हांस मुख्यतः बोलावयाचें आहे त्याच्या भिंगांत आठ कांचा सहा गटांत बसविलेल्या आहेत. या सर्वांचें मिळून जें नळकांडें होतें तें कॅमेऱ्याच्या अंगाला कायमचें जोडलेलें असतें. दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यांत तें फिरवून काढतां येतें व त्या जागीं लांब पल्ल्याचें किंवा रुंद नजरेचें दुसरें बसवितां येतें. येथें तो मार्ग बंद.

ही मर्यादा नवी नाहीं. उलट मूळची स्थिति तीच होय. जर्मनींतील वेट्सलार येथील लाइट्स यांच्या कारखान्यांत ऑस्कार बार्नाक या तंत्रज्ञानें चलच्चित्रांची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेऊन मुठींत मावेल असा कॅमेरा तयार केला, आणि १९२५ सालीं लाइप्झिगच्या वसंत-प्रदर्शनांत तो लायका या नांवानें लोकांपुढें आला. या पहिल्या लायकाचें भिंग पक्कें बसविलेलें होतें. बदलण्याची सोय १९३० सालीं झाली. १९२९ सालीं ब्राउनश्वाइग येथें निघालेला रोलायफ्लेक्स असाच. वरचें भिंग पाहण्याचें, खालचें टिपण्याचें, आणि दोन्हीं कायमचीं. आपल्या देशांतील पहिल्या स्त्री-वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (जन्म नवसारी, १९१३, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत) यांच्या हातीं जे कॅमेरे असत त्यांत रोलायफ्लेक्स होता. स्वातंत्र्याच्या सुमाराची दिल्ली आज आपल्या डोळ्यांपुढें येते ती पुष्कळ अंशीं त्यांच्या छायाचित्रांमुळें. पक्क्या भिंगानें गंभीर काम होत नाहीं असें म्हणणाऱ्यानें तीं एकदां पाहावीं.

पुढें जपानी कारखानदारांनीं हाच प्रकार घरोघरीं पोंचविला. १९६१ सालीं निघालेल्या कॅनोनेटच्या भिंगाभोवतीं प्रकाश मोजणारें सेलेनियमचें कडें होतें. त्यास बॅटरी लागत नसे, उजेड हीच त्याची शक्ति. १९६६ सालीं याशिका इलेक्ट्रो-३५ आला. वर चंदेरी धातूची पट्टी, मध्यें काळें दाणेदार आवरण, वापरणाऱ्याच्या डाव्या डोळ्याकडील कोपऱ्यांत पाहण्याची खिडकी, आणि डोक्यावर अंक कोरलेल्या चकत्या, असें या पिढीचें रूप होतें. आपल्याकडे ते परदेशांतून येणाऱ्या आप्तांच्या कृपेनें क्वचित् दिसत. मध्यम घरांत असे तो आग्फा क्लिक-३ नांवाचा साधा डबा. त्याच्या एका रोलांत १२ चौकोनी छायाचित्रें निघत. बारा म्हणजे बारा, आणि तीं दिवाळीपासून पाडव्यापर्यंत पुरवावयाचीं.

आतां आजच्या यंत्राकडे वळूं. २०१० च्या सप्टेंबरांत कोलोन येथील फोटोकिना प्रदर्शनांत फुजीफिल्म या जपानी कंपनीनें एक्स-१०० नांवाचा कॅमेरा दाखविला. आंत सर्व कारभार विजेचा व गणिताचा, बाहेरून रूप १९६० च्या पिढीचें. मार्च २०११ मध्यें तो विक्रीस आला, आणि त्याच महिन्याच्या ११ तारखेस ईशान्य जपानांत प्रचंड भूकंप होऊन समुद्र जमिनीवर आला. हा कॅमेरा मियागी प्रांतांतील ताइवा या गांवीं तयार होत असे. तेथील काम थांबवावें लागलें. 'मिळत नाहीं' ही कीर्ति त्यास अशा रीतीनें जन्मतःच लाभली, आणि ती पुढें सुटली नाहीं. २०१३, २०१४, २०१७, २०२० व २०२४ या सालीं सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या नांवांची गंमत सांगण्यासारखी आहे. दुसऱ्यास 'सेकंड'चा एस, तिसऱ्यास 'थर्ड'चा टी, चौथ्यास 'फोर्थ'चा एफ. पांचव्याच्या वेळीं 'फिफ्थ'चें आद्याक्षरही एफच निघालें, तेव्हां रोमन अंकांतील पांच, म्हणजे व्ही, घ्यावा लागला, आणि सहाव्यास व्ही-आय. शाळेंतील तुकड्यांना नांवें देणारा एखादा कारकून हाताशीं असता तर हा प्रसंग टळला असता.

पांचव्या आवृत्तीचें भाग्य २०२२ च्या सुमारास टिकटॉकवर उदयास आलें. (टिकटॉक आपल्याकडे २०२० सालींच बंद झालें, तरी त्याची लाट आपल्या किनाऱ्यास लागलीच.) तरुण मंडळींनीं तो हातीं धरलेला दाखविला, दुकानांतील माल संपला, आणि वापरलेले कॅमेरे नव्या किंमतीहून अधिक भावानें विकूं लागले. सहाव्याची जाहीर किंमत अमेरिकेंत १,५९९ डॉलर होती. पहिल्याची १,१९९ होती. आपल्याकडे सहावा आला तो सुमारें १ लक्ष ६० हजार रुपयांस. आमच्या वहिनींनीं हा आकडा ऐकला तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "एवढ्यांत माजघरावरचीं कौलें चाळून, वासे बदलून झालें असतें." हें बोलणें आम्हीं येथें मुद्दाम नमूद करतों, कारण या कॅमेऱ्याविषयींच्या परदेशी लेखांत कौलांचा हिशेब कोणी धरीत नाहीं.

या कंपनीच्या इतिहासांतील एक विरोधाभास आम्हांस विशेष वाटतो. फुजीची स्थापना १९३४ सालीं फिल्म तयार करण्यासाठीं झाली. सहाव्या कॅमेऱ्याच्या वेळीं कंपनीस नव्वद वर्षें झालीं म्हणून एक खास आवृत्ति काढली, तिचे नगही बरोबर १,९३४. शतकाच्या आरंभीं फिल्मचा धंदा बुडूं लागला. अमेरिकेंतील कोडॅकनें १९ जानेवारी २०१२ रोजीं दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीनें इतर उद्योगांकडे वळून आपला जीव वाचविला, आणि जी फिल्म आतां फारशी खपत नाहीं तिचे रंग गणितानें उतरवून कॅमेऱ्यांत घातले. व्हेल्व्हिया ही १९९० सालीं निघालेली गडद रंगांची फिल्म. आज कॅमेऱ्यांत त्या नांवाचें एक बटण आहे. आजोबांचा अंगरखा विकून झाल्यावर त्या अंगरख्याचें चित्र विकावें, तसा हा प्रकार. परंतु चित्र उत्तम आहे हें कबूल केलें पाहिजे.

मग हा सगळा केवळ वेषच काय? येथें सरसकट निवाडा देतां येत नाहीं. जुना वेष दोन प्रकारचा असतो. विजेच्या समईंत वात थरथरत असल्याचा देखावा करणारे दिवे बाजारांत मिळतात. तेथें थरथरणें निरर्थक आहे, कारण तेल नाहीं आणि वाराही नाहीं. या कॅमेऱ्याच्या चकत्या तशा नव्हेत. भिंगाभोवतींचें कडें फिरविलें म्हणजे छिद्र लहानमोठें होतें. डोक्यावरची चकती फिरविली म्हणजे शटर किती काळ उघडें राहावें तें ठरतें. अंगठ्याखालच्या चकतीनें चित्र उजळ किंवा गडद होतें. कॅमेरा बंद असतांनाही तो कसा लावलेला आहे हें वरून वाचतां येतें. शिकणाऱ्यास याचा फायदा मोठा. छिद्र, वेळ व प्रकाश यांचा त्रैराशिकासारखा संबंध आम्हीं घरांतील दोन मुलांस या चकत्यांवरून एका दुपारीं समजावून दिला. फोनच्या पडद्यावरून तो कधींच समजावून देतां आला नसता, कारण तेथें फोन स्वतःच सर्व ठरवितो व काय ठरविलें तें सांगत नाहीं. मात्र चौथ्या आवृत्तीपासून शटरच्याच चकतींत प्रकाशग्राहकता ठरविणाऱ्या अंकांची एक बारीक खिडकी कोरली आहे. ती वाचण्यास चाळिशी लागते, आणि फिरविण्यास कडें वर उचलावें लागतें. १९६० सालीं रोल घालतांना एकदां लावून विसरून जावयाचा तो अंक होता. आज दर खोलीगणिक तो बदलावा लागतो. येथें वेषानें सोयीचा गळा धरला आहे.

पाहण्याची खिडकी ही मात्र या यंत्राची खरी शोभा. तिच्यांतून डोळा थेट समोरचें जग पाहतो, आणि त्या जगावर प्रकाशरेषांची एक चौकट तरंगत असते. पुढची कळ ओढली कीं त्याच खिडकींत लहानसा पडदा येतो व भिंगास जें दिसतें तें हुबेहूब दिसूं लागतें. आम्हांस पहिला प्रकार अधिक आवडतो. त्यांत चौकटीबाहेरचेंही थोडें दिसतें. बाजूनें धांवत येणारें मूल चौकटींत शिरण्याआधींच कळतें. जवळच्या वस्तूच्या बाबतींत खिडकीची नजर व भिंगाची नजर यांत अंतर पडतें, म्हणून चौकट आपोआप थोडी सरकते. आणि भिंगावर उन्हाची टोपी चढविली असेल तर खिडकीचा एक कोपरा झांकला जातो. हीं व्यंगें असूनही, फोन हातभर लांब धरून त्याच्या कांचेकडे पाहणें आणि डोळा लावून माणसाकडे पाहणें यांत जो फरक आहे तो समोरच्या माणसालाही जाणवतो. त्यांतून शटर भिंगाच्या आंतच, पाकळ्यांचें, त्यामुळें आवाज जवळजवळ नाहींच. या पाकळ्यांना फार वेगानें मोठें छिद्र उघडझांप करणें जमत नाहीं. पहिल्या आवृत्तींत छिद्र पूर्ण उघडें ठेवल्यास सेकंदाच्या एक-सहस्रांशाहून कमी वेळ देतां येत नसे. म्हणून भर उन्हासाठीं आंतल्या आंत एक धुरकट चष्मा बसविलेला आहे.

आतां मुख्य गोष्ट, म्हणजे हें भिंग किती पाहतें. जाहिरातींत मिलिमीटरांचे आकडे असतात. त्यांनीं गृहस्थास बोध होत नाहीं. आमचा साधा नियम असा: या कॅमेऱ्यापासून वस्तु जितकी दूर, जवळजवळ तितकीच रुंदी चौकटींत मावते. चार मीटर मागें गेलां तर चार मीटरांची रांग मावेल. एक मीटरवर उभे राहिलां तर एक मीटर रुंदीचा देखावा. फोनच्या नेहमींच्या भिंगांत याच अंतरावर सुमारें दीडपट रुंदी येते. हा एक नियम ध्यानांत ठेवला म्हणजे कॅमेरा घरांत कोठें उपयोगी पडेल व कोठें नाहीं हें दुकानांत न जातां सांगतां येतें.

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं मौंज झाली. मातृभोजनाच्या वेळीं पुतण्या दीड मीटरांवर बसला होता. आईचा घास, बटूचें अर्धवट उघडलेलें तोंड, मागें उभ्या असलेल्या दोन आत्या, हें सर्व एका चौकटींत इतकें नेमकें आलें कीं ठरलेल्या छायाचित्रकाराच्या शंभर चित्रांत तसें एक नाहीं. पंक्तींत वाढणारे हात, ओटीवर मुंडावळ्या बांधणारी मावशी, देवघरांतला निरांजनाचा उजेड, हें सर्व या भिंगाचें राज्य. सहाव्या आवृत्तींत हाताचा कंप सांवरण्याची योजना आहे, त्यामुळें निरांजनाच्या उजेडांतही चित्र हललें नाहीं. पहिल्या पांचांत ती नव्हती.

परंतु मग सर्वांचें एकत्र छायाचित्र घेण्याची वेळ आली. चाळीस माणसें तीन रांगांत उभीं केलीं; रांग सात मीटरांची, आणि आमचा चौक आहे सहा मीटरांचा. पुतण्याची पाठ दिंडीदरवाजास टेकली तरी दोन्ही टोकांचीं दोन कुटुंबें बाहेर राहूं लागलीं, आणि तीं नेमकीं जांवयांचीं. जांवयांस चौकटीबाहेर ठेवणें कोणत्या घरास परवडतें? तें छायाचित्र शेवटीं मावशींच्या फोननें घेतलें. भिक्षावळीच्या वेळीं बटु घाटाच्या पायऱ्यांवर दहा मीटर पुढें होता. त्याचा चेहरा चौकटींत वाटाण्याएवढा आला. अंगणांतील चिमणीचा हिशेब तर सरळ आहे. दहा मीटरांवरची चिमणी दहा मीटरांच्या रुंदींत वीतभरही नाहीं. तिचा वाटा सुमारें एकसत्तरांश. सहाव्या आवृत्तीच्या चित्राच्या रुंदींत ७,७२८ बिंदू असतात, त्यांतले जेमतेम ११० चिमणीच्या वांट्यास येतात. पक्षी पाहण्याची हौस असणाऱ्यानें या वाटेस जाऊं नये.

एकट्या माणसाचा चेहरा हाही नाजूक विषय. तो चौकटभर यावा म्हणून अर्ध्या मीटरापर्यंत जवळ गेलें कीं नाक वाढतें, कान मागें जातात. हा दोष भिंगाचा नव्हे, अंतराचा. आपण स्वतः इतक्या जवळून कोणाकडे पाहत नाहीं. कंबरेपर्यंतचें चित्र, मागें खोलीचा कांहीं भाग, असेंच या भिंगास शोभतें. यावर उपाय म्हणून कंपनीनें एक युक्ति ठेवली आहे. कळ दाबली कीं चित्राचा मधला भागच कापून घेतला जातो, चार कोटि बिंदूंचे दोन कोटि किंवा एक कोटि राहतात, आणि दृष्टि लांब पल्ल्याची झाल्यासारखी भासते. छापण्यापुरतें तें पुष्कळ आहे. पुढच्या बाजूस चढविण्याच्या जादा कांचाही मिळतात, परंतु त्या चढविणें म्हणजे मौनव्रत घेऊन पाटीवर लिहीत बसणें होय.

व्रताची गोष्ट निघाली म्हणून आमच्या जुन्या विषयांतील एक उदाहरण देतों. सबंध मेघदूत एकट्या मंदाक्रांता वृत्तांत आहे. चरणास १७ अक्षरें, आणि यति ४, ६ व ७ अक्षरांवर. कवीस वृत्तें येत नव्हतीं म्हणून नव्हे. विरहाच्या त्या मंद गतीस दुसरें वृत्त नको होतें. त्याच कालिदासानें रघुवंश लिहितांना सर्गासर्गास वृत्त बदललें, कारण तेथें दिग्विजय आहे, स्वयंवर आहे, विलाप आहे. ज्यास आपल्या घरच्या माणसांचें, जवळून, एकाच सुरांत कांहीं सांगावयाचें आहे त्यास एक भिंग पुरतें, नव्हे उपकारक होतें. कोणतें भिंग लावावें हा प्रश्नच न उरल्यामुळें पाय चालूं लागतात. दोन पावलें पुढें, एक मागें, थोडें खालीं बसून. आमच्या पुतण्याच्या छायाचित्रांत आठ महिन्यांनीं जो फरक पडला तो यंत्रामुळें पडला नसून उठण्याबसण्यामुळें पडला असें आमचें मत आहे. ज्यास लग्नें, सहली, क्रीडासामने, किल्ले आणि पक्षी सर्वच टिपावयाचे आहेत त्याचा मात्र रघुवंश आहे. त्यानें भिंगें बदलतां येणारा कॅमेरा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत दोन भिंगें घ्यावीं.

आमच्या काकू आतां ८८ वर्षांच्या आहेत. फोन समोर आला कीं त्या पदर सांवरून, ओठ मिटून, पासपोर्टच्या चित्रासारख्या बसतात. हा चंदेरी कॅमेरा पाहून मात्र त्यांनीं तो हातांत मागून घेतला, उलटसुलट केला आणि काकांच्या क्लिकची आठवण सांगितली. दुसऱ्या दिवशीं त्या खिडकीशीं वाती वळीत बसल्या असतां पुतण्या समोर पाटावर बसून टिपूं लागला, तेव्हां त्यांनीं मान वर न करतां म्हटलें, "अरे, रोल उगीच घालवूं नकोस." आणि पुन्हा वाती वळूं लागल्या. त्या छायाचित्रांत काकू जशा आहेत तशा आल्या आहेत. दहा वर्षांत असें एकही घरांत नव्हतें. जुन्या रूपाचा उपयोग कोणी विचारला तर आम्ही हें एक छायाचित्र पुढें करूं. वहिनींनींही तें पाहिल्यावर कौलांचा विषय दोन दिवस काढला नाहीं.

परंतु काकूंच्या त्या वाक्यांतच या यंत्राची मोठी उणीव आली आहे. रोल येथें नाहींच. मौंजीच्या एका दिवसांत पुतण्यानें ६१४ छायाचित्रें काढलीं. भिंग एक असल्यानें नजरेस शिस्त लागली हें खरें, पण बोटास लागली नाहीं. क्लिकचीं बारा चित्रें काढणारा बारा वेळां विचार करीत असे, कारण प्रत्येकास पैसे पडत. येथें चकत्या जुन्या आहेत, काटकसर जुनी नाहीं. त्या ६१४ पैकीं कागदावर उतरलीं सात. बाकीचीं संगणकांत पडून आहेत, आणि तीं निवडण्यास पुतण्यास वेळ नाहीं. आम्हीं त्यास सुचविलें कीं, दिवसाकाठीं ३६ हून अधिक काढावयाचीं नाहींत असें ठरीव. तो हंसला. पुढच्या रविवारीं मात्र मेणवलीच्या घाटावर त्यानें तें करून पाहिलें. परत येतांना तीन शिल्लक होतीं.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. भिंग कधींच काढावयाचें नसल्यामुळें आंत धूळ शिरण्याचा मुख्य मार्ग बंद असतो, हा लाभ. तथापि पावसाळ्यांत आंतल्या कांचांवर बुरशी आली तर नुसतें भिंग बदलून चालत नाहीं, सबंध कॅमेराच दुरुस्तीस जातो. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यांनीं व कोंकणांतील वाचकांनीं तो घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. चामडी पिशवींत महिनेंमहिने ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें. पांचव्या आवृत्तीपासून पावसाच्या तुषारांपासून बचाव आहे, पण पुढें एक कडें व साधी संरक्षक कांच आपण होऊन बसविली तरच. हा खर्च किंमतींत धरलेला नाहीं. आयुष्याचें म्हणाल तर ज्या पिढीचें रूप याने घेतलें आहे तिचें दीर्घायुष्य यास लाभेल अशी आशा धरूं नये. यांत्रिक कॅमेरा घड्याळजी उघडूं शकत असे. विजेवर चालणाऱ्या याशिका इलेक्ट्रोचीच पाऱ्याची बॅटरी आज तयार होत नाहीं व जोडजंतर करून काम भागवावें लागतें. मग हा तर पुरा संगणक आहे.

याच जातीचे इतर कॅमेरे थोडक्यांत सांगतों. लायकाचा क्यू (२०१५ पासून) अधिक रुंद नजरेचा व कित्येक पटींनीं महाग. सोनीचा आरएक्स-१ (२०१२) मोठ्या संवेदकाचा. रिकोचा जीआर खिशांत मावणारा, पण त्यास डोळा लावण्याची खिडकीच नाहीं आणि तो जुना वेषही घेत नाहीं. आमच्या मतें चालतां चालतां टिपण्यास रिको उत्तम. मात्र काकूंनीं तो हातांत मागून घेतला नसता.

ज्या घरांत सध्यां हा वाद चालूं असेल तेथें, पैसे मोजण्यापूर्वी, एक बिनखर्ची परीक्षा करतां येईल. हल्लींच्या बहुतेक फोनांत चित्र दीडपट मोठें करून तेथेंच थांबतां येतें. नजरेची रुंदी साधारण या कॅमेऱ्याएवढी होते. एक महिनाभर दुसरें भिंग वापरावयाचें नाहीं, बोटांनीं चित्र ओढून मोठें करावयाचें नाहीं, आणि दिवसाकाठीं ३६ ची मर्यादा पाळावयाची. महिनाअखेर त्यांतलीं दहा कागदावर छापून आणावीं व घरच्यांस दाखवावीं. आमच्या थोरल्या नातीनें कॅमेऱ्याचा हट्ट धरला तेव्हां तिला हीच परीक्षा सांगितली आहे. आज तिचा अकरावा दिवस. पहिले चार दिवस तिची फार चिडचिड झाली. काल ती परसांतल्या केळीपाशीं अर्धा तास बसून होती, आणि कॅमेऱ्याचा विषय तिनें अद्याप पुन्हा काढलेला नाहीं.